शिंप्याच्या दुकानापुढचा मुका थांबा

माणसांना पायी हिंडवून आणणं हा माझा धंदा होता असं सांगितलं, की लोक आजही विचारतात, म्हणजे तुम्ही नेमकं काय करायचात? त्यांचं चुकत नाही. आता चाकणच्या रस्त्यावर कंटेनर धावतात, कंपन्यांच्या बस धावतात, पायी चालणाऱ्यानं जीव मुठीत धरूनच चालायचं. पण पन्नास-पंचावन्न सालाकडे याच रस्त्याच्या मधोमध उभं राहून पंचवीस माणसांना गोष्ट सांगता येत असे. फार तर एखादी बैलगाडी यायची, आणि गाडीवानसुद्धा कासरा ओढून ऐकत उभा राहायचा.

मी दाखवत असे ती आमच्या गावावरून गेलेली युद्धं, आणि गावानं सोसलेला परक्यांचा अंमल. सुरुवात भुईकोट किल्ल्यापासून. दिल्लीच्या बादशहाचा मामा एवढं मोठं लष्कर घेऊन आला, आणि मूठभर माणसांनी त्याला जवळजवळ दोन महिने खंदकाच्या पलीकडे ताटकळत ठेवलं. शेवटी भुयार खणून सुरुंग लावला तेव्हा कुठे बुरूज पडला. तिथून पेठेत यायचं. इथे दुसऱ्या महायुद्धाची वर्षं. पुण्याहून नाशिककडे लष्कराच्या लॉऱ्या कशा जात, लेव्हीच्या, म्हणजे सरकारी सक्तीच्या, धान्यासाठी अधिकारी कणग्यांत हात कसा घालून बघत, राकेल नाही म्हणून दिवसाउजेडी जेवणं कशी उरकत, ते सांगायचं. मग पोलीस चौकी. मग गावाबाहेर ठकूआजींची विहीर, जिथल्या खोपटात बेचाळीस साली सायक्लोस्टाईलचं मशीन दडवलं होतं आणि सरकारविरुद्धची पत्रकं छापली जात होती. अशी सगळी मिळून अडीच तासांची फेरी.

मी या धंद्यात पडले ती अपघातानंच. मी वाचनालयात झाडलोट करत असे. शिक्षण तिसरी. पण वर्तमानपत्रं ओळीनं लावायची तर तारीख वाचावी लागते, आणि तारीख वाचता वाचता खालची बातमी कधी वाचायला लागले ते माझं मलाच कळलं नाही. एकदा पुण्याच्या एका शाळेची सहल येणार होती आणि वाचनालय सांभाळून गाव दाखवणाऱ्या गुरुजींचा घसा बसला. ते खुणेनं म्हणाले, अनसूयाबाई, तुम्ही नुसती वाट दाखवा. मी वाट दाखवली आणि वाटेत बोललेही. गुरुजी मागून चालत होते. सहल गेल्यावर त्यांनी पाटीवर लिहून दिलं: पुढच्या वेळीही माझा घसा बसेल.

बाहेरच्यांना वाटतं, यात काय, चालायचं आणि बोलायचं. तसं नाही हो. चालताना बोलायचंच नाही, हा पहिला धडा. मागच्यांना ऐकू येत नाही आणि पुढच्यांना ठेच लागते. उभं राहताना ऊन आपल्या डोळ्यांवर घ्यायचं, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या पाठीवर येतं. गटातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या चालीनं चालायचं. पाणी पहिल्याच थांब्याला विचारायचं, कारण तहानलेल्या माणसाला इतिहास ऐकू येत नाही. आणि माझा स्वतःचा असा एक नियम होता, त्याचा मला आजही अभिमान आहे. जिथं घडलं तिथंच सांगायचं, आणि ज्याच्यावर घडलं तो माणूस हयात असेल तर त्याच्या तोंडून. लेव्हीचं मी सांगत नसे. कणगी ज्यांची उपसली त्या घराच्या ओट्यापुढे लोकांना उभं करायचे, आणि घरची कारभारीण सांगायची. मी आपली बाजूला. लोकांना वाटे, बाईंनी काहीच केलं नाही. पण त्या कारभारणीला पहिल्यांदा बोलतं करायला मी चार दुपारी तिच्याबरोबर कांदे निवडले होते.

गिऱ्हाइकंही नाना तऱ्हेची. पिंपरीला औषधाचा कारखाना नवा निघाला होता, तिथले कामगार सुटीच्या दिवशी यायचे. एकाला तोफेवर बसून फोटो काढायचा होता. तोफ नाही म्हटल्यावर तो बिचारा फेरीभर रुसला. एक मास्तर दर वाक्याला माझं साल दुरुस्त करायचे. शेवटी खंदकाशी मी म्हटलं, मास्तर, साल तुमचं असू द्या, चिखल माझा आहे, जपून पाय टाका. ते हसले आणि घसरले. पिंपरीच्या निर्वासित छावणीतले एक सिंधी दुकानदार आले होते, ते लेव्हीची हकिकत ऐकता ऐकता मध्येच आपलं घर कसं सोडलं ते सांगायला लागले. अर्धं हिंदी, अर्धं त्यांच्या भाषेत. मी थांबवलं नाही. त्या दिवशी चौकी आणि विहीर राहिली, पण कुणाची तक्रार आली नाही.

असं छान चाललं होतं. आणि या सगळ्यात एका थांब्यावर मी माझा नियम मोडत होते, तेही वर्षानुवर्षं.

पेठेत गोविंदा शिंप्याचं दुकान होतं. चौकीकडून विहिरीकडे जाताना ते वाटेतच लागे. आता बेचाळीसची गोष्ट थोडक्यात सांगते. विहिरीवरच्या खोपटात मशीन होतं आणि ते चालवत होता ठकूआजींचा मुलगा तात्या आणि त्याचे दोन मित्र. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पोलिसांनी खोपटात दबा धरला आणि तिघे पुण्याहून परतले तसे त्यांना पकडलं. मारझोडीत तात्याचा डावा कान कायमचा गेला. दीड वर्ष तुरुंगवास झाला. आता एवढ्या आडबाजूचं खोपट पोलिसांना कळलं कसं? गावानं आठवून आठवून शोधलं. तर सापळ्याच्या आदल्या दिवशी, ऐन दसऱ्याला, गोविंदा शिंपी दोन तास चौकीत होता. आत गेला आणि अंगाला बोटही न लागता बाहेर आला. झालं. गावानं निकाल लावला. तात्या सुटून आला, त्यानंही तेच धरलं आणि मलाही तेच सांगितलं.

मी काय करायचे, तर फेरी त्या दुकानापुढे थांबवायची आणि काही म्हणजे काही बोलायचे नाही. नुसती दुकानाकडे बघायचे. चौकीतली हकिकत नुकतीच ऐकलेली असायची, लोकांना बरोबर कळायचं. पंचवीस माणसं श्वास धरून उभी. आत गोविंदाचं मशीन चालू असायचं, त्याची मान खाली. मग मी हळूच म्हणायचे, चला. खरं सांगते, साऱ्या फेरीत त्या शांततेइतकं काहीच रंगायचं नाही. मला तिची चटक लागली होती. नाव घेत नव्हते, म्हणून पाप लागत नाही असंही मनाशी ठरवलं होतं.

एक दिवस गोविंदाची बायको वाचनालयात आली. वर्तमानपत्रं वाचणारी मंडळी होती म्हणून दाराशीच उभी राहिली. मी बाहेर गेले. तिची मुलगी कुसुम, एकोणीस वर्षांची, तिचं कुरुळीच्या बाबूरावांच्या मुलाशी ठरत आलं होतं, पसंती झाली होती. हे मला ठाऊक होतं. पण बाबूरावांचा एक भाऊबंद कामगारांच्या गटाबरोबर माझ्या फेरीत येऊन गेला होता, हे मला ठाऊक नव्हतं. त्यानं गावी जाऊन सांगितलं, आणि कुरुळीहून निरोप आला, फितुराच्या घरची मुलगी आम्हाला नको.

मी काहीतरी पुटपुटले, की वहिनी, मी तर कधी एक शब्दही बोलले नाही.

ती म्हणाली, "त्येच तर हाय, बाई. तुमी बोलला असता तर आमी न्हाई म्हनलो असतो. गप ऱ्हायल्यावर आमी कशाला न्हाई म्हनायचं?"

आणि गेली. रडली नाही, भांडली नाही. मी आत येऊन सगळी वर्तमानपत्रं उलटसुलट लावून ठेवली, गुरुजींनी नंतर दाखवलं.

मग मी ते केलं जे आधी करायला हवं होतं. विचारलं. आमचे हे एसटीत कंडक्टर. कंडक्टरला अख्ख्या तालुक्यातला माणूस कुठे उतरतो ते ठाऊक असतं. त्यांनी आठ दिवसांत छडा लावला, की बेचाळीस साली चाकण चौकीत असलेले एक हवालदार पेन्शन घेऊन ताथवड्याला पेरूची बाग करतात. आम्ही दोघं गेलो. एसटीनं चिंचवडपर्यंत आणि पुढे पायी. तेव्हा ताथवडे म्हणजे नुसती शेतं, आणि शेतात चार घरं.

हवालदार मोठे मोकळे. मी भीत भीत विचारलं, खोपटाची खबर कुणी दिली? त्यांनी पेरू चिरता चिरता माझ्याकडे पाहिलं.

"खबर कसली, बाई? पडक्या खोपटाला ताजं तोरण होतं."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. दसऱ्याच्या संध्याकाळी ते शिवेवरून सोनं घेऊन परतत होते. बांधावरून बघतात तर छप्पर खचलेलं, भिंत कललेली, आणि दाराला झेंडूचं आणि आंब्याच्या पानांचं भरगच्च तोरण. राहत्या घराला लोक तोरण लावतात, गोठ्याला लावतात, पण पडीक खोपटाला? म्हणून वाकून बघितलं. आत मशीन. त्याला हळदकुंकू, वर फुलांची माळ, पुढे दोन आपट्याची पानं. आपल्याकडे दसऱ्याला ज्याच्यावर पोट चालतं त्या हत्याराची पूजा करतात, नांगराची करतात, तराजूची करतात. इथं कुणीतरी इंग्रज घालवायच्या मशीनची पूजा केली होती.

"पूजा मांडलेली होती, म्हनून मी बूट काढूनच आत गेलो," हवालदार म्हणाले. मग फौजदारांना वर्दी दिली. मी गोविंदा शिंप्याचं नाव काढलं तर त्यांना आधी आठवेचना. मग एकदम हसू फुटलं. म्हणाले, अहो, घोड्यावर चढताना फौजदारांची विजार उसवली होती, दुसरी धोब्याकडे. तोवर साहेब टेबलामागं चादर गुंडाळून बसले होते. शिंप्याला दम भरला होता की बाहेर बोललास तर याद राख.

 परतताना चिंचवडच्या स्टँडवर आमचे हे एवढंच म्हणाले, तोरण लावलं कुणी, ते आता तूच विचार.

ते विचारायची गरज नव्हती. तरी मी ठकूआजींकडे गेले. तात्याही घरी होता, उजवा कान माझ्याकडे करून बसला. मी विचारलं, आजी, त्या दसऱ्याला खोपटाला तोरण कुणी लावलं होतं?

"मीच की," आजी म्हणाल्या. "पोरं पुन्याला गेलती. सनाचं दार भुंडं ठिवायचं व्हय?"

मी म्हटलं, हे आजवर कुणाला सांगितलं नाहीत?

"इचारलं कुनी?"

तात्या म्हणाला की तोरण त्यानंही पाहिलं होतं. पकडलं त्या दिवशी ते त्याच्या कपाळाला लागलं होतं. पण दसऱ्याचं तोरण कुणाच्या लक्षात राहतं? नसतं तर डोळ्यात भरलं असतं. मग मी हवालदारांचं सगळं सांगितलं, विजारीसकट. विजारीला कुणी हसलं नाही. तात्या उठून अंगणात गेला. आजींनी जात्याच्या खुंट्यावर हात टेकला. सत्तरी उलटलेली बाई. मला वाटलं, हे सांगून मी काय मिळवलं? एका घराचं ओझं उचलून दुसऱ्या घरात ठेवलं. मी म्हणणार होते की आजी, हे आपल्यातच राहू दे, मी उद्यापासून त्या दुकानापुढे थांबत नाही, म्हणजे झालं. तोंडाशी आलं होतं.

आजीच बोलल्या. "माज्या तोरनानं माज्या लेकाचा कान गेला. आन गोविंदाचं तोंड गेलं. कान तर काय परत येत न्हाई. मला तितं घिऊन चल."

पुढची फेरी मी मुद्दाम बाजारच्या दिवशी ठेवली. एरवी मी गर्दी टाळायचे. आमच्या ह्यांनी कुरुळीच्या बाबूरावांना गाडीतच निरोप दिला, की पोराच्या लग्नासंबंधी एक गोष्ट आहे, चाकणला येऊन ऐका. आले बिचारे, जरा आखडूनच. पिंपरीचे कामगार होते वीसेक, आणि बाजाराला आलेली माणसं आपोआप जमली. चौकीची हकिकत मी सांगितली आणि गोविंदाच्या दुकानापुढे थांबले. नेहमीसारखे सगळे गप्प. आत मशीन चालू. ठकूआजी तात्याच्या खांद्याला धरून ओट्यावर चढल्या आणि बसल्या. मी पुढचं काही सांगितलं नाही. त्यांनीच सांगितलं. तोरण, माळ, हळदकुंकू, सगळं. आवाज चढवला नाही, पण त्यांचं वाक्य संपेपर्यंत भाजीवालीनं तराजू हातातच धरून ठेवला होता. शेवटी त्या म्हणाल्या, "खबर माज्या तोरनानं दिली. गोविंदानं न्हाई. ज्यानं ज्यानं त्याला नाव ठिवलं, त्यानं मला ठिवावं."

मशीन थांबलं. गोविंदा बाहेर आला. गळ्यात टेप, कानावर खडू. मी त्याला म्हटलं, गोविंदराव, त्या दोन तासांत चौकीत काय झालं ते तुम्ही सांगता का? हा प्रश्न मी त्याला पहिल्यांदा विचारत होते. इतकी वर्षं त्याच्या दारात उभी राहून. तो म्हणाला, मी तेव्हा सांगितलं होतं सगळ्यांना, विजार शिवत होतो म्हणून, पण लोक म्हणाले, विजारीला काय दोन तास लागतात? आणि मग तो समजावून सांगायला लागला, की लागतात, कापड जाड, बैठकीच्या जागी फाटलेलं, वर साहेब दर पाच मिनिटांनी उठून बघणार. चादर सावरत. आता मात्र लोक हसले. गोविंदाही हसला, आणि हसता हसता खांबाला धरून खाली बसला. तात्या त्याच्याजवळ जाऊन बसला. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, मी विचारलंही नाही. काही गोष्टी फेरीत घ्यायच्या नसतात.

बाबूराव पुढे झाले. सरळ माणूस. सगळ्यांदेखत म्हणाले, आमचं चुकलं, आता मुलीचा हात आम्ही मागायला आलोय असं समजा. गोविंदानं आत बघितलं. कुसुम काजं करत बसली होती, तशीच हातातल्या सुईदोऱ्यासह दारात आली.

"मामा, लग्नाचं मी मंग सांगीन," ती म्हणाली. "आदी तुमच्या कुरुळीत जाऊन ह्ये सांगा. ज्या ज्या घरी ते गेलंय, त्या त्या घरी."

मी सांगते, किल्लेदारानंही बादशहाच्या मामाला इतकं शांतपणे उत्तर दिलं नसेल.

बाबूरावांनी पागोटं चाचपलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, बाई, मला तुमच्यासारखं सांगता येत नाही, तुम्ही चला. मला तर नाही म्हणायला तोंडच नव्हतं. पुढच्या आठवड्यात आम्ही कुरुळीला गेलो. बाबूराव पुढे, मागे मी आणि ठकूआजी, आमच्या मागे ज्यानं ती बातमी नेली तो भाऊबंद, मान खाली घालून. घर मोठं असो की छपराचं, ओट्यावर बसायचं, पाणी घ्यायचं आणि सांगायचं. कुणी म्हणे, आम्हाला आधीच शंका होती. कुणी म्हणे, असू द्या, झालं गेलं. एका घरी तर आजोबांनी ठकूआजींना दटावलं, की मशीनची पूजा केली ते बरोबरच केलं, पण तोरण आतून लावायचं होतं. दोन दिवस लागले. माझ्या सगळ्या फेऱ्यांत हीच मला सगळ्यात जवळची, आणि हिच्यात एकही बुरूज नव्हता.

कुसुमनं नंतर हो म्हटलं. कुरुळीत तिनं संसार केला, पुढे तिचा मुलगा त्याच पट्ट्यातल्या कंपनीत लागला. गोविंदा मात्र माझ्या फेरीचा कायमचा माणूस झाला. चौकीचे ते दोन तास तो इतके रंगवून सांगे, की मला त्याचा सदरा ओढावा लागे, ऊन चढतंय म्हणून. आजही कुणी माझं कौतुक केलं की मला आधी त्याच्या खाली घातलेल्या मानेची वर्षं आठवतात. ती मला कुणाला परत देता आली नाहीत.

त्या फेरीतलं कुरुळीचं शेवटचं घर अगदी टोकाला, मळ्यात होतं. आम्ही थकलो होतो, ठकूआजींचे पाय सुजले होते. दारात एक म्हातारी लसूण सोलत होती. बाबूरावांनी एवढ्या घरांत सांगून पाठ झालेलं सुरू केलं, की आजी, चाकणच्या गोविंदा शिंप्याबद्दल आपण जे ऐकलंत, ते खोटं आहे.

म्हातारीनं लसूण सोलता सोलता वर बघितलं.

"कोन गोविंदा? मी तर काईच ऐकलं न्हाई."

बाबूराव सुटल्यासारखे म्हणाले, मग राहू द्या, चला. मी जायला वळले होते. पण ठकूआजींनी माझा हात धरून मला खाली बसवलं आणि म्हातारीला म्हणाल्या, "मंग आता खरं तेच ऐक." मी त्या म्हातारीच्या सुपातला मूठभर लसूण आपल्या ओच्यात घेतला, सोलायला लागले आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.